कऱ्हेकाठचा क्षेत्र-अभ्यास: छोटी नदी पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

भूगोलाच्या प्रकल्पासाठी नदी निवडणाऱ्यांच्या डोक्यात पुस्तकातली नदी असते. उगमाकडे व्ही आकाराची दरी, मधल्या टप्प्यात नागमोडी वळणे, खाली रुंद पूरमैदान. काठावर पोहोचल्यावर दिसतो तो केटी (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा, काठाने ओळीने बसवलेल्या मोटारी, पात्रात वाळूउपशाचे खड्डे आणि डोहावर पसरलेली जलपर्णी. मग निम्मा दिवस हे सगळे टाळून 'नैसर्गिक' जागा शोधण्यात जातो, आणि ती सापडत नाही म्हणून अहवालात पुस्तकातलेच परिच्छेद उतरतात.

या लेखात मी उलटा मार्ग सुचवतो. बंधारा, मोटार, खड्डा ही आजच्या ग्रामीण नदीची भूरूपेच आहेत असे धरा आणि त्यांची नोंद सर्वांत आधी करा. त्यांच्याशिवाय तुमच्या एकाही आकड्याचा अर्थ लागणार नाही.

उदाहरण म्हणून कऱ्हा घेतली आहे. पुरंदर तालुक्यात गराड्याच्या बाजूच्या डोंगरात उगम, सासवड, जेजुरीचा परिसर, मोरगाव, बारामती आणि सोनगावजवळ नीरेला संगम. पुण्याहून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते आणि पावसाळा सोडला तर पाणी बहुतेक ठिकाणी गुडघ्याच्या आतबाहेर असते. तुमची नदी दुसरी असेल तरी दख्खनच्या पठारावर यातल्या बहुतेक गोष्टी लागू पडतात. कोकणातल्या नद्यांचे गणित वेगळे आहे. तिथे भरती-ओहोटी विचारात घ्यावी लागते.

१. आधी प्रश्न, मग नदी

'कऱ्हा नदीचा भौगोलिक अभ्यास' हा प्रश्न नव्हे. एका दिवसात, पाच-सहा जणांच्या गटाला उत्तर काढता येईल असा प्रश्न हवा. काही नमुने:

- सासवडला कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमाच्या वर दोन्ही प्रवाहांत जेवढे पाणी आहे, तेवढे संगमाखाली मिळते का?
- बंधाऱ्याच्या वर आणि खाली तळातल्या गोट्यांच्या आकारात फरक पडतो का?
- एकाच वळणावर बाहेरचा काठ आणि आतला काठ यांत उंची, माती आणि वनस्पती कशा बदलतात?

पहिला प्रश्न नवख्यांसाठी मला सर्वांत आवडतो, कारण त्यात उत्तर तपासायची सोय आतच आहे. वरचे दोन विसर्ग (सेकंदाला वाहणारे पाणी) मिळवून खालच्या विसर्गाच्या जवळपास यायला हवेत. नाही आले तर एक तर मोजणी चुकली, नाही तर मध्ये कोणी पाणी घेतले किंवा सोडले. तिन्हींवर लिहिण्यासारखे असते.

२. नकाशावर नदी आधी चालून घ्या

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या क्रमांकपद्धतीत सासवड आणि जेजुरी ४७ जे/३ या पत्रकात येतात, मोरगाव ४७ जे/७ मध्ये आणि बारामती ४७ जे/१२ मध्ये. उगमाकडचा भाग ७४ अंश रेखावृत्ताच्या पश्चिमेला असल्याने ४७ एफ/१५ लागते. एकाच पत्रकात पूर्ण नदी बसेल या समजुतीत राहू नका. नव्या मालिकेच्या पत्रकांना क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा अक्षांश-रेखांश पाहूनच पत्रक निवडा.

नकाशावर तीन कामे करा. पाणलोटाची, म्हणजे ज्या भागातले पाणी नदीत येते त्याची, सीमा आखा. प्रवाहांना स्ट्रालरच्या पद्धतीने श्रेणी द्या: ज्याला एकही उपप्रवाह मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा, पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसरी. दुसऱ्या श्रेणीच्या प्रवाहाला पहिल्या श्रेणीचा ओढा मिळाला तर श्रेणी वाढत नाही, आणि नवख्यांचे नेमके इथेच चुकते. शिवाय श्रेणी प्रमाणावर अवलंबून असते. १:५०,००० वर न दिसणारे कितीतरी ओहोळ प्रत्यक्षात असतात, म्हणून अहवालात श्रेणीसोबत प्रमाण लिहा.

तिसरे काम लांब छेदाचे, म्हणजे उगमापासून खाली नदीची उंची कशी उतरते त्याच्या आलेखाचे. समोच्च रेषा नदीला जिथे जिथे ओलांडतात तिथे उंची आणि उगमापासूनचे अंतर टिपा. लागोपाठच्या रेषांत उंचीचा फरक २० मीटरचा असतो. समजा लागोपाठच्या दोन रेषा नदीला ८ किलोमीटरच्या अंतराने छेदत असतील, तर त्या पट्ट्यात उतार किलोमीटरला २.५ मीटर. हा आकडा जपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

यानंतर उपग्रहचित्रे पाहा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रे मागे-पुढे करून पाहता येतात, इस्रोचे 'भुवन' हे संकेतस्थळही आहे. बंधारे, खाणी, नवे पूल, पात्रातला उपसा सगळे इथे कळते. गराडे धरण आणि जेजुरीजवळचे नाझरे धरण, म्हणजे मल्हारसागर, नकाशावर ठळक खुणा करून ठेवा. नाझऱ्याच्या खाली 'नदी पुढे गेली की पाणी वाढते' हा पुस्तकी नियम तुम्हाला लागू होणार नाही.

३. कधी जायचे

कऱ्हेचे खोरे पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी पात्र कोरडे असते आणि पावसाळ्यात उतरणे धोक्याचे. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ धरा. पूर ओसरलेला असतो, त्याच्या खुणा ताज्या असतात आणि पाणी वाहते असते.

एक अडचण मात्र याच महिन्यांत येते. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात. बर्गे घातले की बंधाऱ्याच्या वर लांबपर्यंत पाणी तुंबते आणि खाली प्रवाह तुटतो. जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी गावात कोणाला तरी फोन करून "बर्गे पडले का?" एवढे विचारा. उत्तर 'हो' असेल तर मोजणीची जागा बदलावी लागेल.

पंचांगही पाहा. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी स्नानासाठी कऱ्हेवर जाते. त्या दिवशी तिथल्या रस्त्यावर आणि काठावर टेप लावायला जागा नसते. मोरगावला चतुर्थीची गर्दी असते.

कोरड्या वर्षी पाणीच नसेल तर प्रकल्प रद्द करू नका. कोरड्या पात्रात छेद, गोटे, काठाचे थर हे सगळे अधिक नीट मोजता येते. फक्त विसर्ग सोडून द्यावा लागतो.

४. कागदपत्रे आणि गावातली ओळख

सोबत ठेवा:

- महाविद्यालयाचे किंवा विभागप्रमुखांचे पत्र, मराठीत, शिक्क्यासह. त्यात तारीख, ठिकाणे, विद्यार्थ्यांची नावे आणि 'केवळ शैक्षणिक कामासाठी' हे वाक्य हवे.
- त्याच पत्राच्या चार-पाच प्रती. एक ग्रामपंचायतीत द्या, पोहोच घ्या.
- सर्वांची ओळखपत्रे. विद्यार्थी अठराच्या आतले असतील तर पालकांचे संमतिपत्र.
- गटातल्या प्रत्येकाचा रक्तगट, घरचा फोन आणि ॲलर्जी किंवा आजाराची नोंद असलेला कागद. हा शिक्षकांकडे राहू द्या.

पत्राला कमी लेखू नका. नदीकाठी टेप आणि लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन उभी राहिलेली पोरे गावाला मोजणीवाल्यांसारखी दिसतात. पुरंदर तालुक्यात विमानतळाच्या भूसंपादनामुळे मोजणी या शब्दालाच लोक बिचकून असतात. वाळूउपसा चालू असेल तिथे तर तुम्ही तहसीलचे लोक असल्याचा संशय येतो. काठावर पोहोचताच कोणीतरी विचारणारच, "काय मोजताय? धरण व्हायचंय का हितं?" तेव्हा गटातल्या एकानेच, आधीपासून ठरवलेल्याने, शांतपणे उत्तर द्यायचे: "नाही काका, कॉलेजचं काम आहे. पाणी किती वाहतं ते बघतोय." आणि पत्र दाखवायचे. सगळे एकदम बोलू लागले की संशय वाढतो.

ड्रोन नेऊ नका. नियम आहेतच, पण या भागात त्याहून मोठे कारण लोकांचा विश्वास. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांपाशी फोटो काढू नका, आणि कोणाच्या उभ्या पिकातून वाट काढू नका. बांधावरून जा, तेही विचारून.

५. सामान

महागडे काही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात निम्मी यादी पूर्ण होते.

- ३० मीटरचा फायबर टेप. लोखंडी टेप पाण्यात गंजतो.
- नायलॉनची दोरी, दर अर्ध्या मीटरला रंगाची खूण केलेली, आणि काठावर रोवायला दोन खुंट्या.
- मीटरपट्टी किंवा रंगवलेली सरळ काठी.
- रेंजिंग रॉड (मोजणीच्या लाल-पांढऱ्या काठ्या) असतील तर उत्तम, नसतील तर सरळ बांबू.
- किमान १२ मीटर पारदर्शक नळी, गवंडी पातळी काढायला वापरतात तीच.
- तरंगणारी वस्तू: संत्री किंवा लिंबे. भरपूर घ्या, निम्मी वाहून जातात.
- स्टॉपवॉच, फोनमधले चालते.
- गोटे मोजायला व्हर्निअर कॅलिपर किंवा साधी प्लास्टिकची पट्टी.
- छापलेले नोंदतक्ते, कडक पॅड, शिसपेन्सिली. बॉलपेन ओल्या कागदावर दगा देतो.
- दोन जाड प्लास्टिक पिशव्या फोनसाठी, प्रथमोपचार पेटी, साबण, पिण्याचे पाणी.
- पायात जुने बूट. चप्पल नको, अनवाणी तर मुळीच नको. पात्रात काच, तारा आणि देवाच्या फोटोंच्या चौकटी असतात.

फोनमधल्या जीपीएसने जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, पण तो दाखवतो ती उंची वापरू नका. ती कित्येक मीटरने चुकू शकते आणि तुम्हाला सेंटिमीटरचे काम करायचे आहे.

६. पहिली फेरी, काहीही न मोजता

मुख्य दिवसाच्या आधी दोघा-तिघांनी जाऊन यावे. टेप घरी ठेवा. साधारण किलोमीटरभर काठाने चाला आणि कच्च्या नकाशावर फक्त टिपत जा: उतार कुठे आहे (म्हणजे गावकरी नदी ओलांडतात ती जागा), डोह कुठे, मळई (पात्रात साचलेला वाळू-गोट्यांचा थर) कुठे, ओढा कुठे मिळतो, बंधारा कुठे, सांडपाण्याचा पाइप कुठे, किती मोटारी आहेत आणि त्यातल्या किती चालू आहेत.

मोटारींची ही नोंद फार महत्त्वाची. शेतीपंपांना वीज ठरावीक वेळी मिळते. ती आली की काठावरच्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात आणि छोट्या नदीचा प्रवाह तासाभरात कमी झालेला दिसतो. वरच्या जागी सकाळी आणि खालच्या जागी दुपारी मोजून 'पाणी जमिनीत मुरले' असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी वाचले आहेत. शक्यतो दोन गट करून दोन्ही जागी एकाच वेळी मोजा. ते जमत नसेल तर विजेची वेळ नोंदवा.

आणखी एक गुंता. मुळा-मुठेचे पाणी उचलून पुरंदर उपसा सिंचन योजनेतून या तालुक्यात आणले जाते. एखाद्या ओढ्याला भर डिसेंबरात चांगले पाणी दिसले तर ते या पाणलोटात पडलेल्या पावसाचेच असेल असे गृहीत धरू नका. काठच्या शेतकऱ्याला विचारा, तो एका वाक्यात सांगेल.

७. आडवा छेद

मोजणीची जागा निवडताना तीन अटी: प्रवाह किमान १०–१५ मीटर सरळ हवा, मध्ये मोठा खडक किंवा झुडूप नको, आणि वर-खाली जवळपास बंधारा नको. बंधाऱ्याच्या फुगवट्यात मोजलात तर खोली भरपूर आणि वेग जवळजवळ शून्य येतो. तो बंधाऱ्याचा आकडा, नदीचा नाही.

पाणी वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला उजवा काठ, डाव्या हाताला डावा. हे सगळ्यांना एकदा मोठ्याने सांगा, कारण समोरासमोर उभे असलेले दोन विद्यार्थी हमखास उलटसुलट लिहितात.

दोरी प्रवाहाला काटकोनात, ताणून, पाण्याच्या थोडी वर बांधा. पाण्याची रुंदी मोजा. मग ठरावीक अंतरावर खोली घ्या, रुंदीचे किमान सहा भाग तरी पडावेत. पट्टीची पातळ कड प्रवाहाकडे करा, रुंद बाजू केलीत तर पाणी तिच्यावर चढून खोली जास्त दिसते. पट्टी गाळात खुपसू नका, तळाला टेकताच वाचा. दोरीवर सुरुवात आणि शेवट पाण्याच्या कडेपाशी, म्हणजे खोली शून्य.

फक्त पाण्यापुरता छेद घेऊन थांबू नका. त्याच रेषेत दोन्ही बाजूंना पूर येतो तिथवर छेद वाढवा. पुलाच्या खांबावर, झाडाच्या बुंध्याला अडकलेल्या काडीकचऱ्यावर, देवळाच्या पायरीवर पुराची रेघ दिसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कऱ्हेला मोठा पूर आला आणि दुसऱ्या दिवशी बारामतीतल्या नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. सासवडपासून खाली कुठेही "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" असे विचारा, माणसे भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ती उंची तुमच्या छेदावर आखा. ऑक्टोबरमधल्या अरुंद धारेसाठी एवढे मोठे पात्र कशाला, याचे उत्तर त्या एका रेघेत मिळते.

८. वेग

१० मीटरची लांबी टेपने आखून दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करा. लिंबू किंवा संत्रे वरच्या खुणेच्या थोडे आधी पाण्यात सोडा, म्हणजे खुणेपाशी येईपर्यंत ते प्रवाहाचा वेग घेते. खुणेवरून जाताच घड्याळ सुरू, खालच्या खुणेवर बंद. प्लास्टिकचा हलका चेंडू वापरू नका, तो पाण्याऐवजी वाऱ्याचा वेग सांगतो. संत्रे बरेचसे बुडून तरंगते म्हणून बरे.

डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, प्रत्येक जागी किमान पाच वेळा. अडकलेली फेरी रद्द करा, पण रद्द केल्याचे तक्त्यात लिहा. पृष्ठभागावरचा वेग हा संपूर्ण छेदाच्या सरासरी वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला साधारण ०.८५ ने गुणतात. तळ फार खडबडीत आणि पाणी उथळ असेल तर हा गुणक आणखी कमी लागतो. कोणता वापरला ते लिहा.

९. विसर्ग काढायचा कसा

समजा पाण्याची रुंदी ६ मीटर आहे आणि दर मीटरला खोली अशी मिळाली: ०, ०.१२, ०.२५, ०.३४, ०.२८, ०.१५, ०. दोन्ही कडांना शून्य असल्याने मधल्या पाच खोल्यांची बेरीज, १.१४, हीच एक मीटरच्या अंतराने गुणून क्षेत्रफळ होते: १.१४ चौरस मीटर.

या ठिकाणी एक सोपा सापळा आहे. पाच खोल्यांची सरासरी (०.२२८) काढून तिला रुंदीने गुणले तर १.३७ चौरस मीटर येते, म्हणजे २० टक्के जास्त. काठाकडचे उतरते भाग त्यात पूर्ण खोलीचे धरले जातात. विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत मला सर्वाधिक दिसलेली चूक ही.

संत्र्याला १० मीटर जायला सरासरी २५ सेकंद लागले. पृष्ठवेग ०.४ मीटर प्रतिसेकंद, ०.८५ ने गुणून ०.३४. विसर्ग म्हणजे १.१४ गुणिले ०.३४, सुमारे ०.३९ घनमीटर प्रतिसेकंद. सेकंदाला ३९० लिटर. वर्तमानपत्री भाषेत साधारण १४ क्युसेक (सेकंदाला घनफूट), कारण एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. गावात कोणी विचारले तर क्युसेकमध्येच सांगा, धरणाच्या बातम्यांमुळे तो आकडा सगळ्यांना कळतो.

आता संगमाचा हिशेब. सासवडला संगमेश्वराच्या देवळाजवळ कऱ्हा आणि चांबळी (हिलाच भोगावतीही म्हणतात) मिळतात. दोन्ही वरच्या प्रवाहांत एकेक आणि संगमाच्या पुरेसे खाली, पाणी एकजीव झाल्यावर, तिसरा छेद घ्या. बेरीज तंतोतंत जुळणार नाही. संत्रे आणि पट्टीने केलेल्या मोजणीत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक मी मुकाट्याने मान्य करीन. त्याहून मोठा आला तर मधल्या पट्ट्यात शहराचे सांडपाणी कुठे मिळते आणि मोटारी कुठे ओढतात ते पाहा. आणि अगदी जुळली तर तक्ता पुन्हा तपासा, कोणीतरी घरी बसून जुळवलेला असू शकतो.

१०. उतार: क्लिनोमीटर ठेवा घरी

परदेशी मार्गदर्शिकांत नदीचा उतार क्लिनोमीटरने, म्हणजे उताराचा कोन दाखवणाऱ्या साधनाने, मोजायला सांगतात. डोंगराळ ओढ्याला ते ठीक. क्लिनोमीटरवर अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि अर्धा अंश म्हणजे किलोमीटरला सुमारे ८.७ मीटर. नकाशावरून आपण काढलेला उतार होता २.५ मीटर. उपकरणाची चूकच मोजायच्या गोष्टीच्या तिपटीहून मोठी.

त्यापेक्षा गवंड्याची नळी वापरा. नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा, दोन टोके १० मीटर अंतरावर दोन पट्ट्यांना लावा. दोन्हीकडे नळीतले पाणी एकाच पातळीत असते. त्या पातळीपासून नदीच्या पाण्याच्या पृष्ठापर्यंतची उंची दोन्ही टोकांना मोजून वजाबाकी करा. असे टप्पे जोडत १०० मीटर जा. किलोमीटरला २.५ मीटर उतार असेल तर १०० मीटरमध्ये २५ सेंटिमीटर फरक मिळायला हवा. तळाची उंची घेऊ नका, तळ डोहाशी खाली आणि गोट्यांशी वर असतो. महाविद्यालयात डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) असेल आणि ती लावता येणारा कोणी असेल तर अर्थातच तीच न्या.

११. गोटे

वाहत्या उथळ पट्ट्यात किंवा गोट्यांच्या मळईवर आडवेतिडवे चाला. प्रत्येक पावलाला न पाहता बोट खाली न्या आणि पहिला लागेल तो गोटा उचला. १०० गोटे. प्रत्येकाचा मधला अक्ष मोजा, म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांच्या मधली बाजू. न पाहता उचलणे आवश्यक, नाहीतर हात सुंदर गुळगुळीत गोट्यांकडेच जातो. २ मिलिमीटरच्या आतली ती वाळू किंवा गाळ, २५६ च्या वरचे ते मोठे धोंडे. गोलाई तक्त्याशी ताडून कोनीय ते सुगोल अशी नोंदवा, आणि सगळ्या जागी एकाच माणसाने नोंदवावी, कारण गोलाई डोळ्यावर ठरते.

सगळा गोटा बेसाल्टच, तरी सारखा नसतो. कठीण काळा कातळ, गारेने भरलेला आणि लवकर भुगा होणारा मांजऱ्या, तांबडा गेरू असे वेगळे करा. त्याशिवाय पात्रात नदीने न आणलेले दगडही असतात: पुलाच्या कामाची खडी, काँक्रीटचे तुकडे, विटा, बंधाऱ्याच्या पिचिंगचे (काठाला बसवलेल्या अस्तराचे) फोडीव दगड. ते बाजूला काढा आणि किती निघाले ते लिहा. खालच्या टप्प्यात गोटे अचानक टोकदार झाले तर आधी पुलाकडे पाहा.

१२. काठ वाचा

कऱ्हेचे काठ नुसते चढून जाण्यासारखे नाहीत. पात्राच्या बाजूला जुन्या गाळाच्या उभ्या भिंती दिसतात, त्यात वाळू, गोटे आणि चिकणमातीचे थर, चुनखडीचे खडे, आणि पावसाने पाडलेल्या घळी. थरांची जाडी वरून खाली मोजत चित्र काढा, फोटोत पट्टी ठेवायला विसरू नका.

मोरगाव परिसरातल्या अशाच गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या उद्रेकाची की त्याआधीच्या एखाद्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद झाला आहे. याच भागात अश्मयुगीन हत्यारेही मिळाली आहेत. तुम्हाला एखादा घडवलेला वाटणारा दगड दिसला तर उचलून पिशवीत टाकू नका. जागेवरच फोटो, अक्षांश-रेखांश आणि थर नोंदवा, आणि शिक्षकांमार्फत पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेला कळवा. जागेवरून हलवलेला दगड अभ्यासकाच्या दृष्टीने निम्मा निकामी होतो.

भिंतीच्या अगदी खाली बसून डबा खाऊ नका. पाऊस झाला असेल तर दरड सुटते.

१३. पाण्यात उतरण्याचे नियम

यात तडजोड नाही.

- गुडघ्याच्या वर पाणी असेल तर कोणीही उतरायचे नाही. पोहता येते हे कारण चालत नाही.
- वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. पुढचे पाऊल टाकण्याआधी काठीने चाचपा.
- जलपर्णीवर किंवा तिच्यातून चालू नका.
- पाणी गढूळ होऊ लागले, काडीकचरा वाहू लागला, पातळी वाढली की वस्तू टाकून बाहेर. वर डोंगरात पाऊस झाला असेल किंवा धरणातून पाणी सोडले असेल.
- एक जण कायम काठावर, मोजणीत भाग न घेता, फक्त लक्ष ठेवायला.
- दगड उलटताना हात आधी घालू नका. फुरसे आणि घोणस या भागात आहेत.
- सासवडसारख्या शहराखाली पाणी सांडपाण्याचे आहे असेच धरा. पायाला जखम असलेल्याने उतरू नये, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते सकाळीच विचारून ठेवा.

१४. माणसांशी बोला

प्रश्नावली वाचून दाखवू नका, गप्पा मारा आणि नंतर लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारण्यासारखे: पूर्वी पाणी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचे, कोणता डोह आटत नसे, नदीने काठ कुठे खाल्ला, विहिरींना पाणी किती परसांवर होते. परस म्हणजे किती ते गावागावांत बदलते, त्यांच्याकडूनच हाताने दाखवून घ्या. बायकांना वेगळे विचारा. धुण्याचे घाट, प्यायच्या पाण्याचे झरे त्यांना अधिक माहीत असतात, आणि चारचौघांत काका बोलत असताना आजी गप्प राहतात. नाव लिहायचे नसेल तर लिहू नका, वय आणि गाव पुरते. काठावर सीताफळ, अंजीर की वाटाणा, कोणते पीक नदीपासून किती अंतरावर आहे हेही छेदाच्या रेषेत टिपा.

१५. अहवाल

त्याच संध्याकाळी सगळे तक्ते समोर ठेवून नजर टाका. दुसऱ्या दिवशी 'हा ३ आहे की ८' यावर भांडण होते. तक्त्यांचे फोटो काढून दोघांकडे ठेवा.

छेद आलेखावर काढताना उभे प्रमाण वाढवावे लागते, ते किती पट वाढवले ते लिहा. नाहीतर उथळ कऱ्हा कोकणकड्यासारखी दिसते. सर्व छेद एकाच प्रमाणात काढा, तरच तुलना होते.

'नदी प्रौढावस्थेत आहे' असली वाक्ये टाळा. नदीला तरुण, प्रौढ, वृद्ध ठरवणाऱ्या डेव्हिसच्या चक्रातल्या या अवस्था शिकवायला सोप्या आहेत, पण पठारावरच्या नदीत कातळाचा तळ, जुना गाळ आणि बंधाऱ्याचा फुगवटा एकाच किलोमीटरमध्ये येतात. तिला वय देण्यापेक्षा काय दिसले ते सांगा. पुस्तकाशी न जुळलेला आकडा लपवू नका. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक बोट नेमके त्यावरच ठेवतात, आणि 'त्या वेळी काठावर सात मोटारी चालू होत्या' असे तारीख-वेळेसह सांगता आले तर पुढचा प्रश्न येत नाही.

अहवालाची एक प्रत, निदान छेद आणि पूररेषेचे पान, ग्रामपंचायतीला नेऊन द्या. पुढच्या वर्षीच्या गटाला त्याच जागी उतरायचे असते. खुंट्या कुठे रोवल्या होत्या ते पुलाच्या खांबापासून किंवा देवळाच्या पायरीपासून किती मीटर, असे स्पष्ट लिहून ठेवा. खुंटी एका पुरात जाते.